शुभहस्ते

आमच्या गावच्या दानोत्सवात जुन्या बारवेतला गाळ श्रमदानाने काढायचा होता, पण हात कमी पडत होते. प्रमुख पाहुणे नानासाहेब वाकळे कार्यकर्त्यांचा ताफा घेऊन आले, तेही भाषण ठोकून निघायच्या बेताने. त्यांच्याच आग्रहावरून पत्रिकेत ‘गाळ उपसण्याचा शुभारंभ नानासाहेबांच्या शुभहस्ते’ असं छापलं होतं.

“माईक कुठंय?” त्यांनी विचारलं.

उत्सवाच्या प्रमुख कुमुदताईंनी घमेलं पुढे केलं. “नानासाहेब, पत्रिकेत शुभहस्ते आहे. शुभमुखे असतं, तर माईक मागवला असता.”

हशा पिकला. नानासाहेबांनी बाह्या सरसावल्या आणि ते पायऱ्या उतरले. साहेब चिखलात असताना काठावर कोरडं उभं राहायची एकाही कार्यकर्त्याची हिंमत झाली नाही. संध्याकाळी बारवेत पाणी दिसलं.