कोतवालाने चाटलेलं मडकं

राज्यात भांगेवर बंदी आली आणि रंभाजी कोतवालाला शिंगं फुटली. खानावळवाल्या चिमाबाईची भांगेच्या बियांची चटणी त्याने मडक्यासकट जप्त केली आणि तिला दरबारात उभं केलं.

"सरकार, ही बाई लोकांना नशा चारते!"

"आधी मडकं मागवा, सरकार," चिमाबाई म्हणाली.

मडकं आलं, पण रिकामं. चटणी कोतवालाच्या मिशीला लागलेली.

"चटणीत नशा असेल, तर या झिंगलेल्या माणसाची साक्ष कशी मानता? आणि हा शुद्धीवर असेल, तर माझा गुन्हा कोणता?"

राजाने विचारलं, "बोला कोतवाल, शुद्धीवर आहात?"

कोतवाल घाईघाईने मिशी पुसू लागला.

"मडकं तेवढं परत द्या," चिमाबाई म्हणाली. "घासायला नको. कोतवालसाहेबांनी चाटून लख्ख केलंय."