थांबण्याची शर्यत

टोरांटोच्या मराठी मंडळात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. अध्यक्ष गुप्तेकाकांनी बाहेर वैजयंतीची नवी गाडी पाहिली आणि तिच्या नवऱ्याला, निरंजनला, सगळ्यांदेखत झापलं. "इंजिनाचा जोर नुसता मागच्या चाकांना? बर्फात बायको-पोरीचा जीव घेणार आहेस का? माझी बघ, चारही चाकांना जोर."

निरंजनने हातातली ताटली खाली ठेवली. उद्यापासून लेक याच गाडीतून शाळेत जाणार होती.

वैजयंती शांतपणे म्हणाली, "काका, मागच्या मोकळ्या मैदानात शर्यत लावू. सारख्याच वेगाने येऊ आणि खांबाशी ब्रेक दाबू. आधी थांबेल तो जिंकला."

काका हसतच गाडीत बसले. निघताना त्यांची गाडी झपकन पुढे गेली, वैजयंतीची रखडत मागून आली. खांबाशी मात्र ती बेताने थांबली, कारण तिने बर्फात घट्ट पकड घेणारे हिवाळी टायर बसवून घेतले होते. काकांचे उन्हाळ्यातलेच होते. ते तसेच घसरत बर्फाच्या ढिगात घुसले.



वैजयंतीने काकांच्या खिडकीतून तिळगूळ पुढे केला. "तुमची गाडी निघते झकास, काका. पण माझ्या लेकीला शाळेपाशी थांबायचंय."