वेळण्याचा खोडीचा कातळ

वेळणे बंदरात खाडी जिथे दर्याला मिळते, तिथे डाव्या हाताला दोन पुरुष उंचीचा एक काळा कातळ उभा आहे. त्याला खोडीचा कातळ म्हणतात. कार्तिकातल्या पौर्णिमेला शिडाच्या होड्यांची शर्यत सुटते, तेव्हा गावातली एक बाई या कातळावर चढते आणि आत येणाऱ्या प्रत्येक होडीची खबर ओरडून सांगते. कोण पुढे, कोण मागे हे सांगतेच, पण त्याबरोबर त्या होडीची आणि तिच्या तांडेलाची, म्हणजे होडी चालवणाऱ्या म्होरक्याची, एक खोडही काढते. यंदा एकाने निवडणुकीच्या बॅनरचं शीड शिवून आणलं होतं. बाई वरून ओरडली, "ह्या शीड पाच वर्षांतसून एकदाच फुगता!" सगळा किनारा पोट धरून हसला.

मुंबई-पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना वाटतं, आता मारामारी होणार. तसं काही होत नाही. ज्याची खोड काढली त्या तांडेलाने होडीवर उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं "होय गो, खरा तुझा!" म्हणायचं असतं. म्हटलं नाही तर पहिला आलेलाही शेवटचा धरतात. बक्षिसाच्या नारळापेक्षा या "होय गो" ची धास्ती मोठी. हे सगळं कुठून आलं ते विचारलंत म्हणून सांगतो. थट्टेत सुरू झालेली गोष्ट आहे, पण ती थट्टेवारी नेऊ नका.

फार जुना काळ. दर्यावर इंजिनाचा आवाज कुणी ऐकला नव्हता, सगळा कारभार शिडावर आणि वल्ह्यावर. तेव्हा वेळण्यात गुणाजी तारी नावाचा तांडेल होता आणि त्याची मथुरा नावाची धाकटी बहीण होती. आईबाप पटकीत गेले तेव्हा मथू दुडुदुडु चालत होती. गुणाजीने तिला खांद्यावर घेऊन वाढवलं, पोहायला शिकवलं, वारा ओळखायला शिकवला. पुढे तिचं लग्न झालं, नवरा वर्षभरात तापाने गेला आणि ती परत भावाच्या घरी आली. तिची वहिनी आनंदी हिने तिला सख्ख्या बहिणीसारखं ठेवून घेतलं.

मथूच्या जिभेला हाड नव्हतं. मासळी वाळत घालायची ती या कातळावर, आणि तिथून आत येणारी एकही होडी तिच्या तोंडातून सुटत नसे. कुणाचं शीड तिरकं, कुणाची वल्ही भाताच्या पळीसारखी, कुणी मासळीपेक्षा गप्पाच जास्त भरून आणलेल्या. गडी चिडत, पण होडी आत आली आणि मथू काही बोलली नाही तर "आज बरा नाय काय गो?" असं विचारतही. घरी आल्यासारखं वाटे त्यांना.

एका वर्षी शर्यत लागली. होड्या पुढे एक आणि मागे एक असे दोन नांगर टाकून रांगेत उभ्या होत्या. शंख वाजला. गुणाजीची होडी बंदरात सगळ्यांत देखणी आणि सगळ्यांत चपळ, पहिला नंबर तिचाच असं सगळे धरून चालले होते. गुणाजीने पुढचा नांगर उचलला, शीड चढवलं आणि घाईच्या भरात मागचा नांगर तसाच राहिला. चिखलातून तो नांगर ओढत होडी गाभण म्हशीच्या चालीने निघाली. गुणाजी वाऱ्याला शिव्या देत होता, शिडाला देत होता, गड्यांना देत होता. गड्यांना दोर दिसत होता म्हणे, पण तांडेलाला सांगणार कोण?

मथूने सांगितलं. कातळावरून तिने हाळी दिली, "गुणाजी तांडेलाक पयलो नंबर नको आसा! तो दर्याचो तळच वांगडाक घेवन येता!"

दर्याचा तळ सोबत घेऊन येणारा तांडेल! त्या दिवशी वेळणे जेवढं हसलं तेवढं परत कधी हसलं नसेल. गुणाजी मात्र किनाऱ्याला लागल्यावर एकच वाक्य बोलला, की वारा पडला होता. त्याच्या धाकाने गडीही तेच म्हणू लागले. पण हसू गावात थांबलं नाही. बाजाराला गेला तर लोक विचारत, नांगर काढून आलास ना? सोयरिकीला गेला तर तिथेही तेच. पोरकी बहीण वाढवणारा, चार माणसांत मान असलेला माणूस तो. त्याला ते फार लागलं. तो बहिणीच्या हातचं जेवेनासा झाला.

शेवटी त्याने मथूला माउलीच्या देवळात नेलं. गावकर आणि चार मानकरी बसले होते. नारळ ठेवला आणि गुणाजीने सांगितली तशी शपथ मथूने घेतली. "ह्या किनाऱ्यार मी कोणाच्या होडयेबद्दल तोंड उघडलंय, तर माझ्या भावाची होडी दर्यान न्हेवची." बहीण दुसऱ्या कशानेही गप्प बसणार नाही, हे भावाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने स्वतःलाच पणाला लावलं. मथूने वाद घातला नाही. भाऊ परत आपल्या हातचं जेवेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. त्या दिवसापासून ती कातळावर मासळी वाळत घाली आणि होड्या आल्या की पाठ फिरवून बसे. बंदर सुनं झालं, असं सांगतात.

मग माघ महिन्यात एका पहाटे धुकं उतरलं. असं धुकं त्या आधी कुणी पाहिलं नव्हतं. हात लांब केला तर बोटं दिसेनात. रात्री जाळ्याला गेलेल्या सहा होड्या बाहेर होत्या, त्यात गुणाजीचीही. सूर्य कासराभर वर आला तरी धुकं हलेना. वाऱ्याचा पत्ता नव्हता, आणि भरतीचं पाणी होड्यांना आत खेचू लागलं होतं. तुम्ही बघताच आहात, आत यायची खोल वाट अगदी या कातळाच्या पायाशी आहे आणि ती एका होडीपुरतीच रुंद आहे. पलीकडे सगळं पाण्याखालचं खडप. त्यावर लाकडाची होडी आपटली की संपलं.

किनाऱ्यावर गाव जमलं. बायका हाका मारू लागल्या, पोरं बापांना बोलवू लागली, म्हातारे नावं घेऊन ओरडू लागले. आणि इथेच घात झाला. दर्यावरची माणसं मानत, की धुक्यात गिऱ्हा फिरतो. पाण्यातलं हे भूत ओळखीच्या आवाजात, गोड बोलून, नावाने हाक मारतं, आणि जो ओ देतो त्याला खडपावर नेतं. म्हणून धुक्यात नावाने हाक आली की ओ द्यायची नाही आणि आवाजापासून लांब जायचं, हे प्रत्येकाला लहानपणापासून शिकवलेलं. इकडून जेवढ्या हाका जात होत्या, तेवढ्या होड्या कातळापासून लांब, खडपाकडे सरकत होत्या. वल्ह्यांचे आवाज दूर जाताना किनाऱ्यावर सगळ्यांना ऐकू येत होते. एकदा लाकूड खडपाला घासल्याचा आवाज आला आणि सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या.

मथूला तेव्हा कळलं. गिऱ्हा नाव घेईल, आवाज काढील, गोड बोलेल. पण कुणाच्या शिडाला कसलं ठिगळ आहे, ते त्याला कुठून ठाऊक असणार? खोड काढायला घरचं माणूस लागतं.

ती कातळाकडे निघाली तेव्हा आनंदीने तिचा पदर घट्ट धरला. "मथू, नको गो. शपथ त्येंच्या होडयेर आसा."

"ठावक आसा गो, वयनी."

"मगे?"

"आणखी पाच होडये आसत. त्येंका पण बायका-पोरां आसत."

आनंदीने तिच्याकडे बघितलं. तिचा हक्क होता पदर न सोडण्याचा, आणि गावातल्या कुणीही तिला बोल लावला नसता. तिने पदर सोडला. सोडताना तिच्या तोंडून हुंदका फुटला, पण हात तिने परत पुढे केला नाही. आम्ही आनंदीचं नाव मथूच्या बरोबरीने घेतो ते त्यासाठी.

मथू कातळावर चढली. देवळाच्या दिशेला हात जोडून म्हणाली, "माउले, शपथ मोडतंय ती मी. न्हेवचा तर माका न्हे." आणि तिने छाती भरून पहिली हाळी दिली, "गे भिकाजी कुबलाच्या होडये! शिडाक बायलेच्या लुगड्याचा ठिगळ लावन खंय फिरतं? बायल हय थंडयेत कुडकुडता!"

धुक्यात कुणीतरी फस्सकन हसलं आणि भिकाजीचा आवाज आला, "होय गो, खरा तुझा!" वल्ही आवाजाच्या रोखाने वळली. थोड्या वेळाने धुक्यातून होडीचं नाक बाहेर आलं आणि ठिगळाचं शीड आत सरकलं. वाट एका होडीपुरती, म्हणून एकीचा होकार येऊन ती आत शिरेपर्यंत मथू दुसरीला हाळी देत नव्हती. मग तिने धाकू मायेकराला विचारलं, की तुझ्या घोरण्याने मासळी पळते ती आज तरी सापडली का. त्याचाही होकार आला. अशा एकामागून एक पाच होड्या तिने आत घेतल्या. घसा फुटला होता, पाय बर्फ झाले होते, पण ती मागे हटली नाही.

भावाची होडी तिने शेवटी ठेवली होती. का, ते तिला कुणी विचारलं नाही. खाली आनंदी उभी होती. जोवर त्याच्याबद्दल शब्द काढला नाही तोवर शपथ पुरती मोडली नाही, अशी वेडी आशा मथूला असेल. पण आता दुसरा उपाय उरला नव्हता. मथू ओरडली, "गुणाजी तांडेला! आज तरी मागचो नांगर काढलं मां? का दर्याचो तळ वांगडाक घेवन येतंस?"

उत्तर आलं नाही. तिने परत तीच हाळी दिली, तरीही नाही.

होडीवर काय चाललं होतं ते गड्यांनी नंतर सांगितलं म्हणे. पहिल्याच हाळीला गुणाजीने आवाज ओळखला होता. हा गिऱ्हा नव्हे, हेही त्याला कळलं होतं. पण होकार द्यायचा म्हणजे इतके दिवस वाऱ्यावर घातलेला आळ मागे घ्यायचा, आणि तोही त्याच गड्यांसमोर ज्यांना त्याने खोटं बोलायला लावलं होतं. गडी मान खाली घालून बसले होते. खडपावर फुटणारी लाट अगदी जवळ ऐकू येत होती. गुणाजी उठून उभा राहिला आणि त्याने अशी आरोळी ठोकली की ती देवळापर्यंत गेली.

"होय गो मथू! नांगर काडूक मी इसारलंय! वारो बरो होतो!"

कातळावर मथू हसायला लागली आणि हसता हसता खाली बसली. गुणाजीची होडी खडपाला वळसा घालून, कातळाच्या पायाशी घासूनच आत आली. एकही माणूस गेला नव्हता. आनंदीने नवऱ्याला आधी दोन शिव्या घातल्या आणि मग ती रडली.

गावकर म्हणाला, माउलीने शपथ माफ केली, होडी सुखरूप आली, आता झालं गेलं विसरा. गुणाजी ऐकेना. "शपथ माझ्या तोंडची. माउलेन आमका माणसां परत दिल्यान. होडी कबूल केली, ती तिची." गड्यांनी समजावलं, भिकाजीने समजावलं, पोटाचं काय करशील असं आनंदीने विचारलं. तो म्हणाला, दुसऱ्याच्या होडीवर वल्हं मारीन. आणि पुढे जन्मभर त्याने ते मारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश लख्ख होतं आणि जमिनीवरून दर्याकडे मतलई वारा वाहत होता. गुणाजीने होडी धुतली, तिला हळदकुंकू लावलं, दोन्ही नांगर उचलून किनाऱ्यावर ठेवले. शीड चढवलं, सुकाणू दोराने बांधलं आणि कमरेएवढ्या पाण्यातून तिला पुढे ढकललं. बंदरातली सगळ्यांत देखणी होडी माणसाशिवाय निघाली. सगळं गाव किनाऱ्यावर उभं होतं. गुणाजी पाण्यातच थांबला होता, त्याचे खांदे हलत होते.

मग त्याने मागे न बघता, कातळाच्या दिशेने हात वर केला. "मथू, गप कित्याक? होडी चल्ली मां? बोल."

डोळे पुसून मथू कातळावर उभी राहिली आणि सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशी ओरडली, "तांडेल नाय, म्हणान बघा कशी सरळ चल्ली!"

पहिला हसला तो गुणाजी. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून, तोंडावरचं खारं पाणी पुसत तो हसला आणि म्हणाला, "होय गो, खरा तुझा!"

ती होडी परत कुणी पाहिली नाही. अजूनही शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मतलई वारा सुटला की पांगाऱ्याच्या लाकडाची हातभर होडी शीड लावून या कातळाच्या पायाशी सोडतात. कातळावरची बाई तेच वाक्य ओरडते, आणि त्या वर्षी शर्यत जिंकलेला तांडेल, कितीही मोठा असो, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तिला होकार देतो.