पावलात उतरलेला खेकडा

त्या रानात गुन्ह्याचं माप पावलावरून घेतलं जाई. पूर्वी तसं नव्हतं. पूर्वी न्यायासनावर जो बसे तो उचलली जीभ लावी टाळूला. पोट भरलेलं असलं की समज देऊन सोडी आणि उपाशी असला की त्याच चुकीसाठी रानाबाहेर काढी. शेवटी रान कंटाळलं आणि ठरलं, की माप सगळ्यांना एकच. गुन्ह्याच्या जागी उमटलेल्या पावलात खेकडा सोडायचा. त्याची पाठ उघडी राहिली तर समज, पाठ बुडाली तर एक हिवाळा हद्दपारी आणि डोळेही बुडाले तर खाऱ्या माळापलीकडे कायमचं जायचं, तेही एकट्याने. तिथून कोणी परतल्याचं ऐकिवात नव्हतं. खेकड्याला ना भाऊ ना भावकी, त्यामुळे सगळे निश्चिंत झाले.

न्यायासन उंच खडकावर होतं आणि तिथे एक गवा बसे. गवा सरळ मनाचा होता. आरोपीचं तोंडही न बघता तो मापाप्रमाणे शिक्षा सांगे आणि आपण तोंड बघत नाही याचा त्याला अभिमान होता. आरोपीच्या बाजूने बोलायचं काम घोरपडीकडे होतं. एकदा धरलं की ती सोडत नसे. पण तिच्या बोलण्याने खेकडा आजवर बोटभरही वर आला नव्हता. हे तिला मनातून फार लागत असे.

त्या वर्षी एका अस्वलिणीने सखलातलं मधाचं पोळं फोडलं. ते दुष्काळासाठी राखलेलं, सगळ्यांच्या मालकीचं पोळं होतं. माप घेण्याचं काम माकडांकडे होतं; त्यांनी खेकडा पावलात सोडला आणि वर येऊन सांगितलं, की डोळे बुडाले.

घोरपड अस्वलिणीला भेटायला सखलात उतरली. अस्वलिणीच्या पाठीवर दोन पिल्लं केसांना धरून बसली होती. पाऊल नक्की तिचंच का, असं घोरपडीने आधी विचारलं, कारण वकिली तिथूनच सुरू करायची रीत होती.

"पाऊल माझंच आहे, बाई. पोळंही मीच फोडलं," अस्वलीण म्हणाली. "माझ्यापायी खोटं बोलू नका."

घोरपडीला बरंही वाटलं आणि धास्तीही. आता उरली पिल्लं. पण पिल्लांची गोष्ट गव्याने पुष्कळदा ऐकली होती. माप पावलाचं असतं, पाठीचं नाही, असं त्याने मागे एका कोल्हीला सुनावलं होतं. मग घोरपडीने सहज विचारलं, की एरवी तुम्ही खाता काय? अस्वलिणीने पंजा करून दाखवलं. तिकडे पूर्वी वाळवीची वारुळं होती. आता नुसते चिखलाचे उंचवटे उरले होते आणि त्यांच्यातून पाणी वाहत होतं. न्यायासनाभोवती पाणी साचतं म्हणून वर एक चर खणला होता, तेव्हापासून सगळं पाणी इकडे येत होतं. घोरपडीने वर खडकाकडे पाहिलं. त्या कोरड्या खडकावर बसून तिने स्वतः किती भाषणं केली होती.

परत निघताना तिने मागे वळून पाहिलं. ती केवढीशी, पण तिचीही पावलं खोल उमटली होती.

शिक्षा कुठे सुनावायची ती जागा आरोपीच्या वकिलाने मागावी, असा एक जुना नियम होता. सगळे खडकच मागत, कारण तिथे वारा छान लागे. घोरपड उभी राहिली आणि तिने या वेळी भाषण केलंच नाही.

"शिक्षा पावलाजवळ सांगावी, महाराज. एवढंच मागते."

माकडं हसली. गव्याला मात्र नियम म्हणजे नियम. तो उठला आणि न्यायासनावर बसल्यापासून पहिल्यांदाच उतार उतरून सखलात आला. अस्वलीण पोळ्याच्या झाडाखाली उभी होती. गवा तिच्या पावलाशेजारी जाऊन थांबला आणि बोलण्यासाठी त्याने तोंड उघडलं, तोच त्याचा पुढचा पाय रुतला. त्याने तो जोर लावून उपसला. खाली नवं पाऊल दिसताच जवळच मुळावर बसलेला खेकडा सवयीने त्यात उतरला. आधी पाठ गेली, मग डोळे गेले, मग वरून चिखल ढासळला.

"दिसतोय का?" गव्याने विचारलं.

"नाही, महाराज," घोरपड म्हणाली.

माकडं कोरड्या मुळांवर उभी राहून बघत राहिली. अस्वलीण पुढे झाली, तिने कोपरापर्यंत पंजा आत घातला आणि खेकड्याला काढून मुळावर ठेवलं. खेकडा चिखल थुंकत बसून राहिला. गव्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग वरून येणाऱ्या पाण्याकडे पाहिलं.

"एक हिवाळा," तो शेवटी म्हणाला.

अस्वलिणीचा पंजा आपोआप पाठीवरच्या पिल्लांकडे गेला. गवा वळला आणि जड पायांनी चढ चढू लागला. त्याच्यामागे पावलं उमटत गेली, एकेक पाण्याने भरत गेलं आणि खडक सुरू झाला तिथे ती संपली.