गिटारचं वय

बेळगावचे बापूसाहेब किल्लेकर निवृत्त न्यायाधीश होते, पण घरात अजून त्यांचाच निकाल चालायचा. त्यांची अविवाहित धाकटी बहीण शालन साठी ओलांडल्यावर एके दिवशी गिटार घ्यायला निघाली. तेव्हा तिला परत आणायला म्हणून तेही काठी टेकत दुकानात पोचले.

शालन एकेक गिटार मांडीवर घेऊन बघत होती. एक फारच अवजड होती, दुसरीच्या तारा बोटांना कापत होत्या. शेवटी मऊ आवाजाची एक लहानशी गिटार तिला आवडली. दुकानदार ती पिशवीत घालणार, इतक्यात बापूसाहेबांनी काठी आपटली.

"शालन, लोक हसतील! प्रत्येक गोष्टीचं एक वय असतं."

शालन शांतपणे म्हणाली, "दादा, कॉलेजात असताना मागितली तेव्हा तुम्ही म्हणालात, हे वय अभ्यासाचं. नोकरी लागल्यावर म्हणालात, हे वय जबाबदारीचं. म्हणजे मधे कधीतरी गिटारचं वय येऊन गेलं असणार. तेव्हा मला हाक का नाही मारलीत?"

दुकानदार खुदकन हसला. बापूसाहेब मात्र मटकन बाकावर बसले.

"चुकलंच माझं," ते पुटपुटले.

शालन गिटार घेऊन घरी आली. संधिवाताने आखडलेल्या बोटांना तार नीट दाबता येईना. भल्याभल्यांना गप्प करणाऱ्या भावाला आज तिने गप्प केलं होतं. पण तिला राहून राहून वाटत होतं, आपण तोंड तेव्हाच उघडायला हवं होतं.