वरच्या वाडीची दवंडी

धाकट्या जावेचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी देवीला एकवीस शुक्रवार बोलले होते. दिवसभर उपास, तिन्हीसांजेला पूजा आणि पूजेनंतर कोणाला तरी कहाणी ऐकवायची. नवव्या शुक्रवारी घरात ऐकायला कोणीच नव्हतं. देवाला काय, मनातलंही कळतं, असं म्हणत मी कहाणी मनातल्या मनात वाचली आणि पोथी मिटली. सासूबाई बाहेरून आल्या. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पाट मांड, त्यावर सुपारी ठेव आणि मोठ्यानं सांग. कोण ऐकतंय ते आपण बघायचं नसतं." मला हसू आलं. मग वात सारखी करता करता त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ती ऐकल्यावर मात्र हसू आलं नाही.

एकदा एका डोंगराळ गावात एक वृद्ध पंच होता. गाव त्याला आबा म्हणे. चार वाड्यांचं ते गाव आणि सात माणसांची पंचायत. आबांनी पुष्कळ वर्षं तिचा कारभार पाहिला आणि मग आपणहून बाजूला झाले. त्यांच्यानंतर कुंदा नावाची एक तरुण सून सरपंच झाली. ती हुशार होती, नम्रही होती. निवडून आली त्याच दिवशी ती आबांच्या पाया पडली आणि म्हणाली, "आबा, मला कारभार शिकवा."

आबा म्हणाले, "पाणी, रस्ता, दिवाबत्ती तुला कळेल. मी फक्त दवंडी शिकवतो."

गावाचा रिवाज असा होता. ग्रामसभेआधी चारही वाड्यांत दवंडी द्यायची. डफ वाजवून सभेचा विषय सांगायचा आणि तीनदा विचारायचं, "ऐकलं का हो?" वाडीतून "ऐकलं!" असं उत्तर आलं की पुढे जायचं. उत्तर नाही आलं, तर एक विडा चघळून होईपर्यंत तिथेच बसायचं आणि मगच उठायचं.

चौथी वाडी डोंगरात, कड्याखाली होती. कडा ढासळेल या भीतीनं तिथली अकराही घरं वीस वर्षांपूर्वी उतरून खाली येऊन राहिली होती. वर फक्त कुलपं उरली. तरी आबा दर सभेला तिथे दवंडी द्यायला लावत. पंचायतीचा शिपाई लहानू कुंदाला म्हणाला, "बाई, तिथं ऐकायला माकडं आहेत. त्यांचं मतदार यादीत नाव नाही."

कुंदा तीन-चारदा वर गेली. पाचव्या वेळी ऊन फार होतं. ती गेली नाही, आणि पंचायतीच्या वहीत मात्र 'चारही वाड्यांत दवंडी दिली' असं लिहून तिनं सही केली. आबा त्या दिवशी तापानं अंथरुणावर होते. त्याच सभेत ठराव झाला की वरची वाडी आता वाडी म्हणून धरू नये. तिचं नाव काढावं आणि वरचा नळ व दिवा बंद करावा. सगळे हात वर झाले. कोणाचंच काही म्हणणं नव्हतं.

त्यानंतर आठ दिवसांनी तानूआजी नाहीशी झाली.

तानूआजी मूळची त्या वाडीतली, खाली पुतण्याकडे राहणारी. सकाळी उठून गेली ती परतलीच नाही. नदीचा डोह पाहिला, देऊळ पाहिलं, बाजाराच्या गावी माणूस धाडला. लहानू वरच्या वाडीच्या वेशीपर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, "सगळ्या घरांना बाहेरून कुलपं आहेत." दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी कुंदानं तातडीची ग्रामसभा बोलावली. शोध चालू ठेवायचा की थांबवायचा, हे ठरवायचं होतं. तीन वाड्यांत दवंडी गेली.

आबा काठी टेकत पंचायतीच्या ओट्यावर आले. म्हणाले, "चौथी?"

"आबा, चौथी वाडी आता नाही."

"कागदावरून काढलीत. वाडीला कळवलंत का?"

कुंदाचा संयम सुटला. "तिकडे एक म्हातारं माणूस जिवाला मुकतंय आणि आपण कुलपांपुढे डफ वाजवायचा?"

"होय," आबा म्हणाले. "डफ घे. मी येतो."

लोक एकमेकांकडे बघू लागले. आबांचं वय झालं, असं कोणीतरी हळूच म्हणालं. पण त्यांचा शब्द मोडवेना. कुंदा पुढे, मागे आबा आणि शेवटी डफ घेतलेला लहानू, असे ते तिघे चढू लागले.

वर पोचेपर्यंत भरदुपार झाली. सूर्य डोक्यावर होता आणि सावल्या पायांखाली गेल्या होत्या. वारा नव्हता. खालपर्यंत सोबतीला असलेली पाखरं वेशीपाशी गप्प झाली. अकरा दारं दोन ओळींत समोरासमोर उभी होती, मधोमध वाट. कुलपं गंजलेली, अंगणात गुडघाभर गवत. पण वाट मात्र चालती असल्यासारखी स्वच्छ होती. लहानू कुजबुजला, "इथं कोण येतं हो झाडायला?"

पारापाशी उभं राहून लहानूनं डफावर तीन थापा मारल्या. आवाज कड्यावर आपटून परत आला. कुंदानं मोजलं. चार थापा परत आल्या होत्या.

"पुन्हा वाजव," ती म्हणाली.

त्यानं तीन वाजवल्या. थोड्या उशिरानं परत चार आल्या. चौथी जरा हलकी होती, दाराच्या फळीवर हाताच्या तळव्यानं थाप मारावी तशी.

कुंदानं हाक दिली. "ऐका हो ऐका! आज ग्रामसभा आहे. तानूआजी तीन दिवस सापडत नाही, तिच्या शोधाचा विषय आहे. ऐकलं का हो?"

काहीच नाही.

"ऐकलं का हो?"

वाटेच्या कडेचं गवत वारा नसताना एकदा हललं आणि थांबलं.

"ऐकलं का हो?"

आणि दोन्ही ओळींतून मिळून उत्तर आलं. "ऐकलं."

एका माणसाचा आवाज नव्हता तो. जेवणाच्या पंगतीत बसलेल्या पुष्कळ जणांनी एकदम, हलक्या सुरात म्हणावं, तसा तो होता. त्यात रागही नव्हता.

लहानूच्या हातून डफ सुटला. "बाई, चला! खाली चला!" कुंदाचेही पाय वळले होते. आबांनी तिचं मनगट धरलं. म्हणाले, "उत्तर आलं की मागे फिरायचं नसतं. दारोदार जायचं."

एकेका दारावर थाप मारत ते निघाले. सहाव्या घराच्या पुढच्या दाराला कुलूप होतं, पण परसदार लोटलेलं होतं. आत अंधार आणि जुन्या राखेचा वास. चुलीच्या बाजूला तानूआजी पडली होती. मांडीचं हाड मोडलेलं, ओठ चिरलेले, डोळे उघडे. जिवंत होती.

लहानू भीती विसरून वरच्या नळाकडे धावला, आणि नळ बंद असल्याचं आठवून तसाच झऱ्याकडे पळाला. ओंजळीनं पाणी पाजल्यावर पुष्कळ वेळानं आजीच्या तोंडून शब्द फुटला.

कुंदानं विचारलं, "आजी, कुणाला न सांगता इथे कशाला आलात?"

"वाडीचं नाव काढलं म्हणे," आजी तुटक तुटक बोलली. "दवंडी काही वर गेली नव्हती. रोज मागल्या दारी बसते मी, गेली असती तर मला ऐकू आली असती. म्हटलं, घरांना कोणी सांगितलंच नसेल. सांगायला आले. दहा घरांना सांगून झालं. माझं शेवटी ठेवलं होतं. इथं पाय घसरला."

कुंदानं आजीचं डोकं मांडीवर घेतलं. मग ती म्हणाली, "मघाशी तुम्ही ओ दिलीत, ती ऐकूनच आम्ही आलो."

आजीनं मान हलवली. "मी कुठली ओ देणार? कालपासून आवाज नव्हता मला. तुम्हीच माणसं घेऊन आला असाल. केवढी माणसं बोलली!"

उत्तर कोणी दिलं ते त्या गावाला कधीच कळलं नाही.

झोळीत घालून आजीला खाली नेताना वाटेत आबा विसाव्याला थांबले. कुंदा त्यांच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "आबा, मागच्या वेळी मी वर गेले नव्हते. वहीत खोटं लिहिलं."

"ठाऊक आहे. मलाही घरात पडून डफ ऐकू येतो," आबा म्हणाले. "पोरी, सभेत हात वर करणारी माणसं आपल्याला दिसतात. त्यांचं काम कोणीही करेल. पण आजारी, रुसलेले, भिडेनं गप्प बसलेले, गाव सोडून गेलेले आणि जग सोडून गेलेलेसुद्धा, यांचंही हे गाव आहे. ते हात वर करत नाहीत. त्यांच्या उंबऱ्यापर्यंत आवाज न्यायचा, एवढीच पंचायतीची सेवा. ऐकायला कोणी आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?"

"पण आबा, ते उत्तर..."

"घरं उतरल्यापासून मी जवळजवळ वीस वर्षं तिथे विडा चघळत बसलो. मला कधी आलं नाही," आबा म्हणाले आणि कड्याकडे पाहत राहिले. "मला वाटतं, आज त्यांना आपली गरज होती. आणि आपल्याला त्यांची."

संध्याकाळच्या सभेत कुंदानं उभं राहून सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली. ज्या वहीत तिनं खोटं लिहिलं होतं, त्याच पानावर खाली खरं लिहून पुन्हा सही केली. कोणी टोमणा मारला नाही. आजी वाचली, हे सगळ्यांना पुरेसं होतं. पुढे कुंदा पाच वर्षं सरपंच होती. वरच्या वाडीतून पुन्हा उत्तर आलं नाही. ती पारावर बसून राही आणि विडा संपला की उठताना हात जोडी. भीती गेली नव्हती. तरी जाणं चुकवलं नाही.

सासूबाईंची गोष्ट इथेच संपली. माझं तुमच्यापाशी एवढंच मागणं आहे. तुमच्या आळीत, तुमच्या जिन्यात एखादं दार सदा लोटलेलं असेल. हळदीकुंकवाचं किंवा सोसायटीच्या सभेचं सांगणं तिथे कोणी नेत नसेल. उद्या त्या दाराशी जा, मोठ्यानं सांगा, आणि एक विडा संपेपर्यंत तिथे थांबा.