दबका ठोका

पूर्वी जयंती नगरात विश्वसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका विणकराच्या घरी जन्मला. त्याचे नाव नंदिक. पुढे तो विणकरांच्या संघाचा मुखिया झाला.

त्या नगरात सगळे एकच काम करीत. समुद्रापलीकडे जाणारे तलम वस्त्र विणीत. एका वर्षी पलीकडच्या देशांत युद्ध पेटले आणि व्यापारी फारसे फिरकलेच नाहीत. निम्म्या मागांपुरतेच काम उरले. तेव्हा नंदिक संघाला म्हणाला, "कोणाचाही माग कायमचा बंद पाडायचा नाही. आळीपाळीने विणू. एक दिवस पूर्वेची आळी, एक दिवस पश्चिमेची. पाळी नसताना जो माग चालवील, त्याच्या घरातून माग उचलला जाईल."

सर्वांनी होकार दिला. पण त्या दिवसापासून नगरातल्या भिंतींना जणू कान आले. पाळी नसली की लोक भिंतीला टेकून बसत आणि शेजारी काय वाजते ते ऐकत. कोणी खोकले, तरी ते आवाज दाबायलाच खोकले असे वाटे.

एका दुपारी पश्चिमेच्या आळीची पाळी नव्हती. नंदिकाचे घर त्याच आळीत होते. त्याच्या घरातून शेजारच्या कालक विणकराला मागाचे ठोके ऐकू आले. ते नेहमीसारखे हलके, भरभर नव्हते. सावकाश आणि दबके होते.

"आवाज दबावा म्हणून मागाच्या फणीला चिंध्या बांधल्यात त्याने," कालक आळीत सांगू लागला. "नियम आपल्याला, मोकळीक मुखियाला!"

"तरीच म्हणते, त्यांच्या चुलीचा धूर रोज दिसतो कसा," एक बाई म्हणाली.

"धूर तर तुमच्याही चुलीचा दिसतो, वहिनी."

"माझा पातळ असतो."

बघता बघता नंदिकाच्या दारात गर्दी जमली. मुखियाच लबाड निघाला, तर उद्यापासून जो तो आपला माग चालवील आणि दुबळी घरे उपाशी राहतील, हे सर्वांना कळत होते. कालकाने दार ढकलले.

फणीला एकही चिंधी नव्हती. मागावर जाडीभरडी पासोडी होती, अर्धी विणलेली. तलम विणणाऱ्या त्या नगरात जाड सुताचा ठोका कोणी कधी ऐकलाच नव्हता.

म्हाताऱ्या उत्तरेने पासोडी मुठीत चुरगाळून पाहिली. "ही कोणासाठी रे बाबा?"

"डोंगराकडच्या गावांसाठी, आजी. त्यांना थंडी वाजते आणि त्यांच्याकडे धान्य आहे. व्यापारी येवोत न येवोत, ती गावे दीड दिवसाच्या वाटेवर आहेत."

"मग लपवलेस कशाला?" कालकाने विचारले. त्याचे डोळे अजून घरभर फिरत होते.

"पहिल्या दोन विरल्या. माझ्या हाताला जाड सूत कळत नव्हते. न टिकणाऱ्या कापडाची आशा तुम्हाला कशी दाखवू? पण लपवले, ही माझीच चूक."

एवढे बोलून नंदिकाने ताण्याचे उभे धागे कापले आणि मागाच्या खुंट्या ठोकून काढू लागला.

"अरे, ही तरी पुरी होऊ दे!" उत्तरा कळवळली.

"पाळी नसताना माग चालला, आजी. नियम करताना आपण जाड नि तलम असा भेद केला नव्हता."

कालकाने पुढे होऊन मागाचे सर्वांत जड लाकूड खांद्यावर घेतले. "घरातून उचलायचा, एवढेच ठरले होते," तो म्हणाला. "संघाच्या मंडपात मांडू. सगळ्यांदेखत वाजू दे. आणि जाड सूत कसे धरायचे, ते मला दाखव."

त्या हिवाळ्यात पासोड्या डोंगराकडे गेल्या आणि धान्य नगरात आले. एकाही घराने नगर सोडले नाही. तीन वर्षांनी व्यापारी परतले, तलम वस्त्र पुन्हा भरपूर विणले जाऊ लागले. पण प्रत्येक आळीत काही माग जाड सुताचेच राहिले.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "तेव्हाचा कालक म्हणजे इतरांच्या भिक्षापात्रात डोकावणारा हा आपला भिक्खू. उत्तरा ती भिक्खुणी उत्पलवर्णा, विणकर म्हणजे हा संघ, आणि नंदिक मीच होतो." त्या भिक्खूने मान खाली घातली. संशय घेणाऱ्यावर न रागावता आपली झडती आपणच देणे, ही क्षांती पारमिता, म्हणजे सहनशीलतेची परिपूर्णता.